स्वयंचलित फोकसचा कॅमेरा : छायाचित्र अंधुक का येते?

मुरुडला शालेय सहल येते, राजपुरीच्या धक्क्यावरून मुले शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याकडे निघतात, आणि गुरुजी कॅमेरा सरसावतात. शाळेत परतल्यावर पाहावे तो डोलकाठीचा दोर रेखीव आणि मुलांचे चेहरे मात्र अंधुक! चौथीचा तो वर्ग त्या होडीत पुन्हा बसावयाचा नसतो. तेव्हा कॅमेरा बिघडला असा शेरा मारून तो कपाटात ठेवण्यापूर्वी दोष कोठे आहे, हे शोधणे अगत्याचे होय.

कॅमेरा फोकस कसा साधतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. उजेड व छाया यांच्या सीमेवर जी कड असते, तिचा तो शोध घेतो. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात भिंग पुढेमागे सरकते आणि ही कड जेथे सर्वांत स्पष्ट दिसेल तेथे थांबते. दुसऱ्या पद्धतीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होऊन भिंग कोणत्या दिशेस व किती सरकवावयाचे ते ठरते. ही पद्धत अधिक त्वरेने चालते. पद्धत कोणतीही असो, समोर कडच नसेल तर यंत्र चाचपडत राहते. निरभ्र आकाश, धुरकट क्षितिज, वर्गाची पांढरी भिंत, तिन्हीसांजेचा मंद उजेड ही त्याची अडचणीची स्थळे. मावळत्या सूर्यासमोर जंजिऱ्याचा तटही नुसता काळा पट्टा होतो; अशा वेळी नेम तटाच्या मध्यावर न धरता तट व आकाश यांच्या सीमेवर धरावा.

होडीतील दोराचे कारण निराळे. फोकसचा बिंदू निवडण्याचे काम कॅमेऱ्यावर सोडले, तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. काही कॅमेरे चेहरा ओळखतात. परंतु मूल पाठमोरे असले किंवा टोपीची छाया चेहऱ्यावर पडली, की तेही फसतात. म्हणून मधला एकच बिंदू निवडावा, तो मुलाच्या डोळ्यांवर धरावा, बटण अर्धे दाबावे, फोकस साधल्याची खूण पटली की बटण तसेच धरून चौकट जुळवावी व मग पूर्ण दाबावे. होडी हलती असल्याने यात विलंब नको. अंतर बदलले की साधलेला फोकस व्यर्थ.

पद्मदुर्गाच्या तटाचे दगड लाटांनी झिजले, पण सांध्यांतील चुना शाबूत राहिला. मुलांना हे दाखविण्याजोगे आहे, आणि त्याचे छायाचित्र काढताना उत्साहाने भिंग अगदी दगडाला भिडविले जाते. प्रत्येक भिंगाला किमान अंतराची मर्यादा असते. तिच्या आत फोकस होतच नाही. एक पाऊल मागे सरावे.

दोष फोकसचाच आहे काय, हे छायाचित्र पडद्यावर मोठे करून पाहिल्यास कळते. पुढची वा मागची एखादी वस्तू स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. सर्वच रेषा एका दिशेने ओढल्यासारख्या असतील, तर हात हलला. सारे चित्र दुधाळ दिसत असेल, तर भिंग मळलेले आहे. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर भिंगावर लवकर बसतो. तो सदऱ्याच्या टोकाने, आणि खडूच्या हाताने तर नकोच, पुसू नये. रबरी फुंकणीने कण उडवून मग मऊ कापड हलकेच फिरवावे.

तरीही शंका राहिली, तर भिंगावरील कळ स्वयंचलित फोकसवर आहे ना, विद्युत्घट भरलेला आहे ना, हे पाहावे. नंतर ओसरीवर भर उजेडात वर्तमानपत्र टांगून, कॅमेरा मेजावर ठेवून, आपोआप टिपण्याच्या सोयीने एक छायाचित्र घ्यावे. अक्षरे स्पष्ट उमटली तर कॅमेरा निर्दोष आहे. न उमटल्यास फोकस हाताने साधून दुसरे घ्यावे, आणि दुरुस्तीस जाताना दोन्ही छायाचित्रे कारागिरास दाखवावीत. बिघाड यंत्रात आहे की भिंगात, हे त्यावरून त्याला ताडता येते.