हॉट टब : गच्चीवर की अंगणात?

खानदेशाला गरम पाण्याच्या स्नानाचे अप्रूप नाही. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेव येथे गोमुखातून गरम पाण्याचा झरा वाहतो. जुन्या घरांत परसदारी न्हाणी आणि तिच्याशेजारी तांब्याचा बंब असे. आज जळगाव-धुळ्यातील बंगल्यात हॉट टब घेण्याचा विचार निघाला, की टब कोणता घ्यावा याची चर्चा पुष्कळ होते. तो ठेवावा कोठे, हा प्रश्न मात्र बसविणाऱ्यावर सोपविला जातो. वास्तविक निर्णयाचा प्रारंभ जागेपासूनच व्हावयास हवा.

बहुतेकांना प्रथम गच्ची आठवते. तेथे एकांत असतो, आकाश मोकळे असते. परंतु येथे हिशेब मांडणे अगत्याचे आहे. दोन मीटर लांब-रुंद टबात 1200 लिटर पाणी मावते असे धरले, तर पाण्याचेच वजन 1200 किलो होते. टबाचे 250 किलो आणि चार माणसांचे 250 किलो मिळविले, की बेरीज 1700 किलोंवर जाते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 425 किलो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात साधारणतः 150 किलोंचा भार धरला जातो. जवळपास तिप्पट भार आणि खाली निजलेले कुटुंब, हे समीकरण परवडणारे नाही. स्ट्रक्चरल अभियंत्याने मूळ आराखडा तपासून लेखी संमती दिल्याखेरीज गच्चीचा विचार करू नये. धाब्याच्या जुन्या घरांविषयी तर बोलावयासच नको.

अंगण निवडले, तरी तापी खोऱ्यातील काळी माती विसरून चालत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ फरशी घातली, तर एखाद-दोन वर्षांत टब एका बाजूस कलतो, जोडनळ्या ताणल्या जातात आणि गळती सुरू होते. काळी माती काढून मुरमाचे भरण करावे, ते धुम्मस करून दाबावे आणि त्यावर सळईयुक्त काँक्रीटचा सपाट ओटा बांधावा. ओटा भोवतालच्या जमिनीहून वीतभर उंच असला, की पावसाचे पाणी यंत्रात शिरत नाही. पंप व हीटर ज्या बाजूस असतील तेथे दुरुस्तीसाठी माणूस बसू शकेल इतकी जागा राखावी. पेठेतील अरुंद बोळात घर असेल, तर टब दारातून आत येईल का, हे आधी मोजून पाहावे.

यानंतर दिशा. चैत्र-वैशाखात पारा 44-45 अंशांवर जातो आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. म्हणून घराच्या पूर्वेची बाजू सोयीची. सायंकाळी घराचीच सावली मिळते. थंडीत धुळे-जळगावचे किमान तापमान 10 अंशांखाली उतरते. त्या वाऱ्यात ओल्या अंगाने दूर चालणे ज्येष्ठांना बाधू शकते, तेव्हा टब दारापासून चार-सहा पावलांवर असावा; वाट न घसरणारी आणि तिला धरावयास कठडा असावा. कडुनिंबाची सावली मोहक खरी, पण पानगळीत सारी पाने पाण्यात पडतात. शेजारच्या गॅलरीतून दृष्टी पडणार नाही असा आडोसा घरातील स्त्रियांच्या सोयीसाठी हवाच.

पाण्याचाही विचार व्हावा. शहरात दरडोई 135 लिटर प्रतिदिन हे प्रमाण धरले, तर एका भरणीत सुमारे नऊ जणांची दिवसाची गरज भागते. म्हणून बदललेले पाणी बागेकडे वळेल असा उतार द्यावा. क्लोरीन उडेपर्यंत ते काही दिवस उघडे ठेवावे आणि घराच्या पायाजवळ कदापि मुरू देऊ नये, कारण फुगणारी माती तेथेही आहेच. वापर नसताना घट्ट झाकण असावे. उष्णता टिकते, लहान मुले सुरक्षित राहतात आणि दिव्याकडे ओढले जाणारे जीव पाण्यात पडून मरत नाहीत. चातुर्मासात तर हे विशेष पाळावे. विजेची जोडणी स्वतंत्र असावी, उत्तम अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच यांत तडजोड नको.

थोडक्यात, दारालगत, पूर्वेस, मुरमाच्या भरणावरील पक्क्या ओट्यावरची जागा ही सर्वांत बरी. अशी जागा घराभोवती नसेल, तर टब न घेणे हाही शहाणपणाचाच निर्णय. टब पुढे बदलता येतो. कलंडलेला ओटा किंवा तडकलेला स्लॅब मात्र मूळ खरेदीपेक्षा महाग पडतो.