सर्फबोर्डची फिन: अर्ध्या इंचाचा फरक

सर्फबोर्ड वाळूवर उलटा ठेवला की शेपटाकडे माशाच्या पंखांसारखी उभी पाती दिसतात. याच फिन्स. होडी पाहिलेल्याला वाटतं, हे सुकाणूच. पण सुकाणू फिरवता येतं, फिन जागची हलत नाही. सर्फर मागच्या पायावर भार टाकून अख्खा बोर्ड कलता करतो आणि पाण्यात रुतलेल्या पात्याच्या आधाराने वळतो. म्हणून फिन कुठे बसवली आहे, याला एवढं महत्त्व.

फिन नव्हती तेव्हा

हवाईतल्या जुन्या लाकडी बोर्डांच्या तळाला फिन नसे. लाटेवर तिरकं जाऊ लागलं की शेपूट घसरायचं. वळायचं तर पाय पाण्यात घालून ओढायचा. १९३५ मध्ये सर्फर टॉम ब्लेकने हवाईतल्या वायकिकीला एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा तळकणा काढून आपल्या बोर्डाखाली बसवला. घसरणं थांबलं.

मागे की पुढे?

फिन पुढेमागे केल्याने काय होतं, हे लाँगबोर्डवर स्वतः करून बघता येतं. तळाला लांबट खाच असते. स्क्रू सैल केला की फिन तिच्यात पुढेमागे सरकते. मागे नेली तर बोर्ड रुळावरून धावल्यासारखा सरळ जातो आणि उभ्या लाटेवरही पकड सोडत नाही, मात्र वळवताना जोर लागतो. पुढे आणली तर शेपूट मोकळं होतं, बोर्ड छोट्याशा जागेत फिरतो, पण पकड कमी होते. अर्धा इंच सरकवली तरी पायाला फरक जाणवतो. नव्या बोर्डाची फिन आधी खाचेच्या मध्यावर लावावी आणि दोनचार लाटा घेऊन मगच हलवावी, असं मी आवर्जून सांगेन.

तिसरी फिन

१९७९ ते १९८२ अशी सलग चार विश्वविजेतेपदं ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने मिळवली, ती दोन फिन्सच्या बोर्डमुळे गाजली. हा बोर्ड वेगवान आणि चपळ होता. पण सिडनीजवळच्या नॅराबीनचा सायमन अँडरसन धिप्पाड गडी. मोठ्या लाटेत त्याच्या वजनाखाली असा बोर्ड घसरे. तो स्वतः बोर्ड घडवायचा. १९८० च्या अखेरीस त्याने दोन्ही कडांजवळच्या फिन्समागे, मधोमध, त्याच मापाची तिसरी बसवली. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या स्पर्धेत प्रचंड लाटांवर तो याच बोर्डवर जिंकला, त्याच वर्षी हवाईतली पाइपलाइन मास्टर्स ही स्पर्धाही. या रचनेचं पेटंट त्याने घेतलं नाही. आजचे बहुतेक छोटे बोर्ड याच रचनेचे असतात, आणि पेटंट न घेण्याची ही उदारता मला त्या विजयांहून मोठी वाटते.

अशा बोर्डवर पुढच्या फिन्स साधारणपणे शेपटाच्या टोकापासून ११ इंचांवर असतात, मागची साडेतीन इंचांच्या आसपास. पुढच्या आणि मागच्या फिन्समधलं अंतर वाढवलं की वळणं लांब आणि वेगवान होतात, कमी केलं की बोर्ड जागच्या जागी गिरकी घेतो.

कोन

बाजूच्या फिन्सची पुढची धार किंचित आत, मध्यरेषेकडे वळवलेली असते. त्यामुळे बोर्ड कलताच त्या पाणी पकडतात; कोन जास्त झाला तर सरळ जाताना त्याच फिन्स पाणी अडवून वेग खातात. शिवाय त्या बाहेरच्या अंगाला काही अंश झुकवलेल्या असतात. झुकाव जास्त तर वळणं सोपी, कमी तर सरळ वेग चांगला.

म्हणूनच शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारा कारागीर, कोऱ्या तळावर पेन्सिलने खुणा करतो, टोकापासूनचं आणि कडेपासूनचं अंतर डावीकडे मोजतो, उजवीकडे मोजतो आणि पुन्हा एकदा मोजतो. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर बोर्ड एका अंगाला ओढतो.