विषय इंग्रजी की माध्यम इंग्रजी?

इंग्रजी शिकवणे आणि इंग्रजीतून शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आशियातल्या देशांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. दक्षिण कोरियाने १९९७ मध्ये तिसरीपासून इंग्रजी सुरू केले. जपानने २०२० मध्ये पाचवी-सहावीसाठी तो रीतसर विषय केला. दोन्हीकडे गणित-विज्ञान स्वभाषेतच राहिले. सिंगापूरने दुसरे टोक गाठले. तिथे १९८७ पासून सर्व शाळांचे माध्यम इंग्रजी आहे. मंदारिन, मलय, तमिळ या भाषा विषय म्हणून शिकाव्या लागतात.

सर्वांत बोलका अनुभव मलेशियाचा. १९७० पासून तिथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा टप्प्याटप्प्याने मलय माध्यमाच्या झाल्या. पुढे महाथीर मोहम्मद यांच्या सरकारने २००३ पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला लावले. आपल्याकडच्या सेमी-इंग्रजीसारखीच ही रचना. फरक असा की ती देशभर सक्तीची होती आणि चिनी व तमिळ प्राथमिक शाळाही तिच्यातून सुटल्या नाहीत.

शिक्षकांना लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि धड्यांच्या सीडी मिळाल्या. पण त्यांतले बरेच जण स्वतः मलयमधून शिकलेले होते. त्यामुळे पुस्तक इंग्रजी, फळ्यावरच्या संज्ञा इंग्रजी आणि समजावून सांगणे मलयमध्ये, असे तास अनेक वर्गांत होत राहिले. प्रश्नपत्रिकाही दोन्ही भाषांत छापाव्या लागल्या. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्या शहरी मुलांचे निभावले. खेड्यातल्या मुलाला मात्र अपूर्णांक आणि परकी भाषा यांच्याशी एकाच वेळी झुंजावे लागले. धोरणाचा खरा अन्याय हाच होता.

मार्च २००९ मध्ये या धोरणाविरुद्ध क्वालालंपूरमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. जुलैमध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने मलयकडे परतायचे ठरले. आता नाराजी शहरी पालकांची होती. आपल्या मुलांना इंग्रजीतूनच शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. अखेर २०१६ मध्ये द्विभाषिक कार्यक्रम आला. त्यात गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची मुभा शाळेला मिळते. पण पुरेशी साधने, मुख्याध्यापकांची तयारी आणि पालकांची संमती लागते. शिवाय मलय भाषेचा शाळेचा निकालही चांगला असावा लागतो. स्वभाषेचा पाया आधी तपासणारी ही शेवटची अट २००३ मध्येच घालायला हवी होती.