शर्ट फाटला नाही, तरी जुना कसा झाला?

मी अ‍ॅप्स बनवतो. लोकांनी अ‍ॅप पुन्हा पुन्हा का उघडावं, याचा विचार करणं हे माझं रोजचं काम. आज त्याचंच एक जुनं उदाहरण सांगतो: एकोणिसाव्या शतकातली 'फॅशन प्लेट', म्हणजे मासिकात येणारं नव्या कपड्यांचं चित्र.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1830 साली लुई गोडी यांनी 'गोडीज लेडीज बुक' हे मासिक सुरू केलं. त्यात कथा-कविता असायच्या, पण खरं आकर्षण रंगीत प्लेटचं. धातूच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, काळ्या शाईत छापायचं आणि मग बायका ब्रशने एकेका प्रतीत रंग भरायच्या. 1860 च्या सुमारास खप दीड लाखाच्या घरात होता. विचार करा, केवढं हातकाम! त्यामुळे एकाच चित्राचे रंग दोन प्रतींत वेगळेही निघायचे.

फॅशनचं केंद्र मात्र पॅरिस. तिथे एलोईझ, अनाईस आणि लॉर या कोलँ घराण्यातल्या तीन बहिणी वर्षानुवर्षं अशी चित्रं काढत होत्या. चित्रात बऱ्याचदा दोघी दिसतात, एक समोरून आणि एक पाठमोरी. का? शिवणाऱ्या बाईला ड्रेसची मागची बाजूही कळावी म्हणून!

आता गंमत बघा. पूर्वी कपडा उसवून, उलटवून, धाकटीला देऊन पुरवला जायचा. पण दर महिन्याला नवी प्लेट आली, की कापड धड असलं तरी ड्रेस 'जुना' वाटायला लागायचा.

इच्छा तयार झाली, मग ती भागवायची सोयही आली. 1856 मध्ये सिंगरने शिलाई मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. आजच्या भाषेत ईएमआय! 1863 मध्ये बटरिक यांनी वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. पॅरिसच्या 'बॉन मार्शे' दुकानात ठरलेली किंमत, घासाघीस नाही, वर घरपोच कॅटलॉग.

यात चांगलंही घडलं, हं. श्रीमंतांपुरती असलेली फॅशन साध्या घरातल्या बाईच्याही हाती आली. पण सोबत 'आपल्याकडे आहे ते पुरेसं नाही' ही टोचणीही घरात शिरली, आणि ती अजून गेलेली नाही.

तेव्हा पुढच्या सेलचं नोटिफिकेशन आलं, की एवढंच विचारा: माझा शर्ट फाटलाय, की फक्त चित्र बदललंय?

भेटू पुढच्या भागात!