लोडरची बकेट व घरचें वेल्डिंग

ट्रॅक्टरच्या पुढील अंगास लोडर बसविण्याची चाल आपल्याकडे आतां बरीच रूढ झाली आहे. उकिरड्यांतील खत ट्रॉलीत भरणें, बांध सावरणें, ओढ्याचा गाळ उचलणें, हीं कामें पूर्वीं मजुरांच्या पाट्यांनीं होत. तीं आतां एकटा मनुष्य बसल्या जागेवरून करितो. असें यंत्र दारीं आल्यावर त्याजकडून आणखी चार कामें करून घ्यावीं, अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. मग कोणी बकेटीच्या वरच्या काठास साखळीसाठीं हूक लावितो, कोणी धारेस दांते बसवितो, तर कोणी पोतीं व कडब्याचे भारे उचलण्याकरितां पुढें दोन लांब काटे काढितो. वेल्डिंगचें दुकान गांवांतच असतें; कित्येकांच्या तर घरींच तें यंत्र असतें. त्यामुळें हें काम एका दुपारचें वाटतें. तें सोपें आहे खरें. परंतु सोपें वाटतें म्हणूनच त्यांत चूक होते.

प्रथम आमचीच चूक सांगतों. बांधावरील बाभळीचें खोड उपटण्याकरितां आम्हीं बकेटीच्या वरच्या काठाच्या बरोबर मध्यावर एक हूक वेल्ड करून घेतला. सांधा उत्तम झाला होता. साखळी खोडास बांधून लोडर उचलूं लागतांच सांधा शाबूत राहिला आणि त्याच्या भोंवतीचा पत्राच फाटला. हूक पत्र्याच्या तुकड्यासकट खोडाच्या दिशेनें उडाला. मुळें तोडणारा गडी तेथेंच उभा होता. तो क्षणभरापूर्वीं कुऱ्हाड आणावयास बाजूस गेला, म्हणूनच वांचला.

ह्यांत दोष सांध्याचा नव्हता, जागेचा होता. बकेट ही माती कवेंत घेण्यासाठीं केलेली असते. तिचा भार तळावर व पाठीवर पसरतो, आणि तेथून बाजूंच्या जाड पत्र्यांत व पाठीमागील कानांत उतरतो. लोडरचे हात ह्याच कानांस पिनांनीं जोडलेले असतात. वरचा काठ मधल्या भागीं त्या मानानें दुबळा असतो. म्हणून हूक लावावयाचा तो कानांच्या अगर बाजूच्या पत्र्यांच्या बरोबर वर लावावा, आणि त्याच्याखालीं 10 मिलिमीटर जाडीची, कोपरे गोल केलेली पट्टी घालून ती चोहोंकडून वेल्ड करावी. ओढ एका ठिपक्यावर न पडतां पट्टीभर पसरली पाहिजे. ओझें दोन्हीं हुकांवर सारखें घ्यावें. एकाच कोपऱ्यावर जोर दिल्यास हात पिळवटतात. हूकही वेल्ड करण्याजोगाच विकत घ्यावा. साखळीचा घडीव, पाणी दिलेला हूक तापविला तर त्याचें पाणी उतरतें व तो दिसावयास तसाच राहून आंतून कच्चा होतो.

बकेटीच्या धारेची पट्टी बहुधा कठीण पोलादाची असते. ती थंड असतां वेल्ड केल्यास सांध्याच्या कडेची धातु ठिसूळ बनते, आणि पुढें पहिल्याच दगडावर चीर पडते. म्हणून दांते शक्यतों बोल्टानें बसवावे; झिजले म्हणजे बदलतांही येतात. वेल्डच करणें भाग पडल्यास पट्टी आधीं सावकाश तापवावी, कोरडे ठेवलेले लो हायड्रोजन जातीचे रॉड वापरावे आणि काम आपोआप निवूं द्यावें. घाईनें त्यावर पाणी ओतण्याची संवय दुकानांत दिसते. ती सर्वथा वर्ज्य समजावी.

वेल्डिंगपूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या. बकेट काढून खालीं ठेवतां आली तर फारच चांगलें. नाहीं तर यंत्राचा अर्थिंगचा चिमटा बकेटीवरच, सांध्याच्या जवळ लावावा. तो ट्रॅक्टरच्या सांगाड्यास लावल्यास वीज पिनांतून व सिलिंडरांतून वाट काढिते, आणि त्यांच्या गुळगुळीत अंगास खांचे पाडिते. मग तेल गळूं लागतें. रंग व गंज घांसून काढावा. कडबा व डिझेल दूर ठेवावें.

आतां काट्यांविषयीं. ह्यांत हिशेब तरफेचा आहे. बकेटीच्या पिनेपासून 40 सेंटिमीटरवर मध्य असलेलें 500 किलोंचें ओझें बकेट फिरविणारे सिलिंडर पेलूं शकतात, असें धरूं. गुणाकार 20,000 झाला. काठावर बसविलेल्या काट्यांचें वजन 60 किलो व तें पिनेपासून 100 सेंटिमीटरवर असेल, तर 6,000 त्यांतच खर्च झाले. उरलेल्या 14,000 मध्यें त्याच 100 सेंटिमीटरवर अवघे 140 किलो पेलतील. पांचशांचा लोडर असा दीडशांच्या आंत येतो, आणि मालकास मात्र तो पांचशांचाच वाटत राहतो.

शिवाय गाडींत मागें भार जास्त झाला म्हणजे ती उलाळ होऊन जूं वर उचललें जातें, हें आपणांस ठाऊकच आहे. येथें तोच प्रकार उलटा होतो. भार पुढें गेला कीं मागचीं चाकें हलकीं होतात. आणि आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांस असतात. मग उतारावर ब्रेक दाबूनही यंत्र घसरतें. यास्तव मागें वजन लावल्याशिवाय काटे वापरूं नयेत, ओझें जमिनीलगत ठेवावें, आणि बकेटींत अगर काट्यांवर माणूस कधींही उचलूं नये.

काम पुरें झाल्यावर सांध्यास डिझेल लावून तें पुसून काढावें व वर खडूची पूड चोळावी. चीर असल्यास थोड्या वेळानें ओली काळी रेघ उमटते. ही परीक्षा दर हंगामाच्या आरंभीं करावी. खर्च कांहींच नाहीं.

यंत्रास नवें अंग जोडणें वाईट नव्हे; गरजूच्या बुद्धीनेंच अवजारें सुधारत आलीं आहेत. परंतु रॉड पेटविण्यापूर्वीं ओझें हुकापासून पिनेपर्यंत कोणत्या वाटेनें जाणार, हें खडूनें बकेटीवर रेखून पाहावें. ती वाट जेथें पातळ पत्र्यावर संपते, तेथें हूक लावूं नये. आणि साखळी ताणली असतां तिच्या रेषेंत कोणासही, घरच्या धन्यासही, उभें राहूं देऊं नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.