तारेवरचा हिशेब (१४) : कँपबेल, एकलहरे आणि अरबी समुद्र

टाइम ऑफ डे मीटरचं या आठवड्यात सांगतो असं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. मध्ये नाशिकरोडहून एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून मीटरवर लिहिणं जमेना.

पत्र लिहिणारे गृहस्थ तिथल्या एकलहरे वीज केंद्रातून निवृत्त झालेले. चिरंजीव मिशिगनमध्ये. दर रविवारी फोनवर तो रिपब्लिकन पक्षाच्या नावानं खडे फोडतो. त्याचं म्हणणं असं : या लोकांनी जन्मभर सांगितलं की सरकारनं बाजारात लुडबूड करू नये. आता तेच लोक एका खाजगी कंपनीला हुकूम सोडतात की तुझं कोळशाचं केंद्र बंद करायचं नाही, तुला परवडो न परवडो, पैसे ग्राहक भरतील. इथवर ठीक. पण वडिलांनी पत्राच्या शेवटी विचारलंय, "पोरगा चिडतो ते खरं असेल, पण मग असा एखादा हुकूम आमच्या एकलहऱ्याला का मिळत नाही?"

ज्या गोष्टीवर मुलाचं रक्त उसळतं, तीच बापाला हवी आहे. घरातल्या घरात एवढा सरळ पेच क्वचित सापडतो. त्यामुळे आज दोघांनाही उत्तर देतो.

आधी मुलाचं. तो म्हणतो ते केंद्र म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठावरचं जे. एच. कँपबेल. साधारण १,४०० मेगावॅटचं. कन्झ्युमर्स एनर्जी या मालक कंपनीनंच ते ३१ मे २०२५ ला बंद करायचं ठरवलं होतं. त्याची जागा घ्यायला गॅसवरचं एक केंद्र विकतही घेऊन ठेवलं होतं. दाराला कुलूप लागायला आठ दिवस उरले असताना, २३ मे रोजी, ट्रम्प सरकारच्या ऊर्जा खात्यानं आणीबाणीचा आदेश काढला : ९० दिवस केंद्र चालू ठेवा. ऑगस्टमध्ये आणखी ९० दिवस, नोव्हेंबरमध्ये पुन्हा. पहिल्या पाचच आठवड्यांत या आदेशापायी २ कोटी ९० लाख डॉलरचा भुर्दंड पडल्याचं कंपनीनं जाहीर केलं. आणि केंद्रीय नियामक आयोगानं तो खर्च नुसत्या मिशिगनच्या नव्हे, तर त्या ग्रिडमधल्या आसपासच्या राज्यांतल्या ग्राहकांकडूनही वसूल करायला परवानगी दिली. पेनसिल्व्हेनियातल्या एडीस्टोन केंद्रालाही आठवड्याभरात असाच आदेश निघाला.

तेव्हा चिरंजीवांचा राग रास्त आहे. मी त्यांच्याच बाजूचा आहे. ज्या केंद्राचा मालक स्वतः 'बंद करतो' म्हणतो, ते सरकारनं चालवायला लावणं आणि बिल तिसऱ्याच्या हाती देणं, याला बाजारनिष्ठा म्हणत नाहीत. जुलै २०२५ मध्ये याच पक्षानं पवन आणि सौर ऊर्जेच्या करसवलती आवरत्या घेतल्या, त्या 'सरकारनं कुणाला कुबड्या देऊ नयेत' असं सांगून. कोळशाच्या कुबड्या मात्र चालतात.

पण हे हत्यार कुठलं, तेही बघा. ज्या कायद्याखाली हा आदेश निघाला तो १९३५ चा. युद्ध, पूर, वीजटंचाई अशा वेळी सरकारला केंद्रं चालवायला लावता यावीत म्हणून केलेला, आणि केला रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक राजवटीत. नव्वद वर्षं तो कपाटात होता, आणीबाणीत अधूनमधून बाहेरही निघाला. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती जाईल तो वापरणार.

अमेरिकेतल्या विजेचा इतिहास चाळताना पक्षाच्या रंगावरून अंदाज बांधायला गेलं की हमखास फसगत होते. कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर सौर पाणीतापक बसवले, रेगन यांच्या काळात १९८६ मध्ये ते उतरवले, इतपत गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण आज त्या देशात सर्वांत जास्त पवनऊर्जा कुठल्या राज्यात तयार होते? टेक्ससमध्ये. १९९९ मध्ये तिथल्या वीज कंपन्यांना अपारंपरिक विजेचं उद्दिष्ट घालून देणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी. आयोवाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची. तेही आता पक्कं रिपब्लिकन राज्य. उलट कॅलिफोर्नियाचं १९९६ चं वीज बाजार खुला करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झालं. दोन्ही पक्षांच्या एकाही आमदाराला विरोध करावासा वाटला नाही. सही रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांची. २०००-०१ मध्ये तिथे अंधार झाला, दर कडाडले आणि २००३ मध्ये जनतेनं गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना परत बोलावलं. ते डेमोक्रॅट. म्हणजे पेरलं सगळ्यांनी मिळून आणि कापला गेला एकटा.

त्या अंधारात हात धुऊन घेणाऱ्यांत एक कंपनी होती. कृत्रिम टंचाई करण्याच्या आपल्या युक्त्यांना तिच्या व्यापाऱ्यांनी 'फॅट बॉय', 'डेथ स्टार' अशी नावं ठेवली होती. तीच कंपनी त्याच वर्षांत आपल्या गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळ वीज प्रकल्प घेऊन बसलेली होती. एन्रॉनवर मी दोन अख्खे लेखांक खर्च केलेत, जुन्या वाचकांना नव्यानं सांगत नाही. फक्त पक्षांच्या बाजूनं तो तक्ता पुन्हा एकदा मांडू द्या, कारण पक्षावर चिडून पुढे काय होतं याचा मराठी मुलुखातला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना. शिवसेना-भाजप युती विरोधात. भाजपचे गोपीनाथ मुंडे सभा गाजवत होते : एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू. राग खरा होता, लोकांचाही खरा होता. एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितलं होतं की भारतातल्या लोकांना 'शिकवण्यावर' आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीनं सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. ते शिक्षण नेमकं कुणाचं झालं, यावर आपल्याकडे वर्षभर पारावर चर्चा चालल्या. मार्चमध्ये युतीचं सरकार आलं. ३ ऑगस्ट १९९५ ला मनोहर जोशींनी प्रकल्प रद्द केल्याची घोषणा केली. फटाके वाजले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एन्रॉनच्या रिबेका मार्क शिवसेनाप्रमुखांच्या 'मातोश्री'वर जाऊन आल्या. जानेवारीत नवा सौदा तयार. जो प्रकल्प २,०१५ मेगावॅटचा होता तो २,१८४ चा झाला, आणि ज्याचा दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर होतं, तो टप्पा गळ्यात पडला. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारनं जाता जाता केंद्राची प्रतिहमीही मंजूर केली.

अमेरिकेच्या बाजूनं? १९९५ मध्ये प्रकल्प रद्द होऊ नये म्हणून क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक सरकारच्या ऊर्जा खात्यानं इशारा दिला. राजदूत फ्रँक विस्नर निवृत्त झाल्यावर १९९७ मध्ये एन्रॉनच्याच एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. २००१ मध्ये रिपब्लिकन उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींच्या भेटीत दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. दोन देश, पाच पक्ष, आणि करार जागच्या जागी.

त्या करारात काय होतं, तेवढं एक वाक्य पुरे आहे : केंद्र ९० टक्के वेळ तयार असेल तर राज्य वीज मंडळानं वीज घेवो न घेवो, पैसे द्यायचे, आणि तेही डॉलरच्या भावानं. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४६-४७ वर. वीज जितकी कमी घ्याल तितकी प्रत्येक युनिटवर स्थिर खर्चाची वाटणी जास्त, त्यामुळे एका टप्प्यावर युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. मे २००१ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारच्या काळात मंडळानं खरेदी थांबवली. डिसेंबरमध्ये एन्रॉननं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. समुद्रात एन्रॉन बुडालीच, पण ह्यूस्टनच्या बाजूनं, आणि स्वतःच्या हिशेबाच्या चोपड्यांमुळे.

आता वडिलांचं. एकलहऱ्याला असा हुकूम का नाही?

एकलहरे आज २१० मेगावॅटच्या तीन संचांचं, ६३० मेगावॅटचं केंद्र. हे संच १९७९ ते १९८१ या काळातले. त्याआधीचे, १९७०-७१ चे दोन, कधीच निवृत्त झाले. पूर्ण भारावर एक संच चोवीस तासांत साधारण साडेतीन हजार टन कोळसा खातो, म्हणजे मालगाडीचा जवळजवळ एक पूर्ण रेक. ही गाडी विदर्भातून येते. टिपलरवर एकेक वाघीण कडेवर घेतल्यासारखी उचलून पालथी केली जाते, काळा धुरळा उठतो, रिकामी वाघीण पुढे सरकते, दुसरी येते. ते बघत उभं राहिलं की वेळ कसा जातो कळत नाही. पण प्रत्येक वाघिणीबरोबर रेल्वेचं भाडंही पालथं होत असतं. चंद्रपूरचं केंद्र खाणीच्या दाराशी, आपलं शेकडो किलोमीटरवर. आणि संच जुने, म्हणजे त्याच कोळशातून वीज थोडी कमी.

कुठलं केंद्र आधी चालवायचं याची यादी आपण सहाव्या लेखांकात बघितली : मेरिट ऑर्डर. त्यात बघतात फक्त बदलता खर्च, म्हणजे मुख्यतः इंधनाचा. एकलहऱ्याचा नंबर त्यात खाली लागतो. मागणी उतरली की पहिला फोन एकलहऱ्याला : भार कमी करा, नाहीतर संच बंद ठेवा. केंद्रातल्या माणसांना ते अपमानासारखं वाटतं. मला त्यांचं दुःख कळतं. ज्यांनी पंचेचाळीस वर्षं जुनी यंत्रं चालती ठेवली त्यांना 'बॅकडाऊन' ऐकणं सोपं नाही. पण ६३० मेगावॅट नुसते अभिमानापोटी पेटते ठेवायचे, तर जास्तीचा पैसा इंधन समायोजन आकार होऊन सिडकोतल्या, मालेगावातल्या ग्राहकाच्या आणि निफाडच्या शेतकऱ्याच्याही बिलात येणार. कँपबेलचंही नेमकं तेच झालं.

मग तो ६६० मेगावॅटचा नवा संच? निवडणूक आली की तो येतो, निवडणूक गेली की जातो. मंचावरचे झेंडे बदलतात, आकडा तोच राहतो. एकाही सभेत कुणी असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही की कोळसा याच लांबून आणायचा असेल तर नवा संच तरी यादीत वर कसा चढणार, आणि पंचवीस वर्षांचा स्थिर खर्च कुणाच्या माथी.

याची दुसरी बाजू बघायची तर सिन्नरला जा. गुळवंच-मुसळगावच्या परिसरात खाजगी भांडवलाचा, १,३५० मेगावॅटचा, २७० चे पाच संच असलेला प्रकल्प बांधून उभा राहिला. कोळशाच्या रेल्वेमार्गाचं घोडं भूसंपादनात अडलं, विजेला कायमचा ग्राहक मिळेना, आणि प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. याच प्रवर्तकांच्या अमरावतीजवळच्या जुळ्या केंद्राला महावितरणचा करार मिळाला, ते चाललं. सिन्नरच्या बाबतीत ग्राहकाच्या बिलावर बोजा आला नाही हे खरं, पण कर्ज दिलं होतं बहुतांशी सरकारी मालकीच्या बँका आणि वित्तसंस्थांनी. बाजारावर सोडलं की सगळं ठीक होतं म्हणणाऱ्या उजव्या मंडळींनी एकदा तिथल्या चिमण्या बघून याव्यात.

स्थिर खर्च म्हणजे लग्नासाठी अडवलेलं मंगल कार्यालय. लग्न मोडलं तरी भाडं चुकत नाही. तुमच्या बिलावर 'स्थिर आकार' म्हणून जी ओळ असते, तेवढाच तो असतो असं समजू नका. त्या ओळीत त्याचा थोडाच भाग मावतो, बाकीचा 'वीज आकारा'च्या पोटात असतो. महावितरणनं केलेल्या प्रत्येक दीर्घ मुदतीच्या करारातलं भाडं तिथे साठत जातं, करार करणारं सरकार जाऊन तिसरं आलं तरी.

म्हणून मिशिगनच्या चिरंजीवांना एवढंच सांगेन : राग चालू ठेवा, पण त्याचा पत्ता बदला. तुमच्या राज्याच्या अॅटर्नी जनरल डेना नेसल यांनी त्या आदेशाला रीतसर आव्हान दिलंय. त्या कागदपत्रांत खर्च कुणी किती भरायचा याचा वाद आहे, तो वाचा. रविवारच्या फोनपेक्षा त्यात जास्त दम आहे. वडिलांना : एकलहऱ्यासाठी मागायचंच असेल तर हुकूम मागू नका. केंद्राची जागा, पाणी, रेल्वेचा फाटा आणि उच्चदाबाच्या वाहिन्या आज तयार आहेत. दुपारची सौर वीज साठवून संध्याकाळी देणारी बॅटरी तिथे का बसत नाही, हे विचारा. या मागणीला यादीत वर जागा मिळण्याची शक्यता तरी आहे.

आणि विचारायची जागाही आहे. महावितरणच्या दरवाढीच्या याचिकेवर राज्य वीज नियामक आयोग विभागवार जाहीर सुनावणी घेतो, नाशिकलाही घेतो. कुणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, समोर उभं राहून बोलू शकतो, वकील लागत नाही. पुढच्या सुनावणीची जाहिरात पेपरात आली की कापून ठेवा. पुढच्या आठवड्यात मीटर, नक्की. त्यासाठी गेल्या दोन महिन्यांची बिलं शोधून हाताशी ठेवा.