संगीताचा उलटा वारसा

वारसा म्हटला म्हणजे तो वडिलांकडून मुलांकडे जावयाचा, ही समजूत इतकी दृढ आहे की तो उलट दिशेनेही जाऊ शकतो हे सहसा ध्यानात येत नाही. घर, शेत, आडनाव, देवघरातील टाक ही सारी याच वाटेने जातात. अभिरुचीही याच वाटेने जाते, असे मानण्याचा प्रघात होता. परंतु आज सोलापुरातील एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरात सायंकाळी डोकावले, तर निराळे चित्र दिसते. वडील वर्तमानपत्र चाळीत बसलेले असतात. महाविद्यालयात शिकणारी मुलगी हातातला मोबाइल पुढे करून म्हणते, "बाबा, हे एकदा ऐका ना." वडील नाइलाजाने ऐकू लागतात, दुसऱ्या कडव्याला वर्तमानपत्र खाली ठेवतात, आणि आठ दिवसांनी गाण्याचे नाव आठवत नाही म्हणून पुन्हा तिच्याकडेच ते मागतात. घटना क्षुल्लक खरी. परंतु घराघरांत ती घडू लागते तेव्हा तिचा विचार करणे अगत्याचे ठरते.

या बदलाचे मूळ मुलांच्या स्वभावात शोधण्यापूर्वी घरातील साधनांच्या मालकीकडे पाहावयास हवे. ग्रामोफोन ही चैनीची वस्तू होती. तबकडी विकत आणावयाची की नाही, हे घरातील कमावता पुरुष ठरवीत असे. पुढे रेडिओ आला, तोही मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर, भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली जाऊन बसला. तो बाळगण्यासाठी टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. थोडक्यात, ज्याच्या हाती बटण त्याची आवड, असा घरातला अलिखित कायदा होता. वडीलधाऱ्यांची आवड श्रेष्ठ होती म्हणून ती घरात चालली, असे म्हणण्यापेक्षा तिच्यामागे पैशाचे बळ होते असे म्हणणे अधिक वास्तवाला धरून होईल.

हाच कायदा एकदा साऱ्या देशाला लागू करण्याचा प्रयत्न झाला होता. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत उपासक होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्यांच्या कारकीर्दीत संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि अनेक थोर कलावंतांना आश्रय मिळाला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज ऐकण्यासाठी देशभरातील तरुण मंडळी बुधवारच्या रात्रीची वाट पाहू लागली. सरकारने दार लावले, मुलांनी खिडकी उघडली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीलाही तरुणांच्या आवडीपुढे मान तुकवावी लागली. गंमत अशी की, त्या काळी वडिलांची बोलणी खाऊन ऐकलेल्या त्याच गीतांना आज 'सुवर्णयुग' म्हटले जाते. आणि ते युग संपल्याची खंत करणारे आजोबा नातवाच्या गाण्यांवर नेमका तोच आक्षेप घेतात, जो त्यांच्या वडिलांनी त्यांच्यावर घेतला होता.

माणसाची आवड अशी एका जागी थबकते का? १९८९ साली मॉरिस हॉलब्रुक व रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन संशोधकांनी निरनिराळ्या वयाच्या श्रोत्यांना निरनिराळ्या काळांतील गीते ऐकवून त्यांची पसंती तपासली. श्रोता सुमारे चोवीस वर्षांचा असताना जी गाणी लोकप्रिय होती, त्यांच्याकडे त्याचा ओढा सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. पुढे संसार, नोकरी, कर्जाचे हप्ते यांच्या धबडग्यात नवे काही शोधण्यास सवड उरत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, नव्या गाण्याची किंमत पैशात फारशी नसली तरी त्याच्या शोधाची किंमत वयाबरोबर वाढत जाते. ही किंमत जो दुसऱ्यासाठी चुकती करतो, तो त्याच्यावर उपकारच करीत असतो. आजच्या घरात हे काम मुले करीत आहेत.

ते त्यांना करता येऊ लागले, याचे कारण साधनांची मालकी बदलली. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. गुलशनकुमार यांची टी-सिरीज कंपनी १९८३ साली उभी राहिली आणि तबकड्यांच्या धंद्यावर अनेक वर्षे असलेली एचएमव्हीची पकड सैल झाली. २०१६च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, आणि ज्या पोरांच्या हाती रेडिओचे बटण कधी दिले गेले नव्हते, त्यांच्या खिशात साऱ्या जगाचे संगीत येऊन पडले. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, काही समाजांत मुले वडीलधाऱ्यांकडून शिकतात, काहींत सर्व वयांची माणसे आपापल्या बरोबरीच्यांकडून शिकतात, आणि जग झपाट्याने बदलू लागले म्हणजे वडीलधाऱ्यांना मुलांकडून शिकावे लागते. या तिसऱ्या अवस्थेचा प्रत्यय सोलापूरकरांना आता घरबसल्या येत आहे.

येथवर हा केवळ सोयीचा प्रश्न वाटेल. परंतु मुले घरात जे आणतात, ते सारेच नवे असते काय? येथे प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. शिंदे हे याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे. त्यांनी गाइलेली विठ्ठलाची गीते पंढरीच्या वारीत, एस.टी. स्थानकावर, चहाच्या हॉटेलात आणि मध्यमवर्गाच्या देवघरातही वाजली. त्याच कंठातून त्यांनी भीमगीतेही गाइली. ती मात्र जयंतीच्या मिरवणुकीत आणि वस्तीतच राहिली. शिक्षक-कारकुनांच्या बैठकीच्या खोलीत त्यांना सहसा प्रवेश मिळाला नाही. गळा एकच, पण त्याचे अर्धे गाणे उंबरठ्याच्या आत व अर्धे बाहेर! मंगळवेढा ही चोखोबांची भूमी. ज्यांच्या अभंगांचा गौरव झाला आणि ज्यांना स्वतःला मात्र मंदिराबाहेर उभे राहावे लागले, त्या संताच्या गावच्या गायकाच्या वाट्याला विसाव्या शतकात पुन्हा हेच यावे, याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

प्रल्हाद शिंदे २००४ साली निवर्तले. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांनी कॅसेटचे युग गाजविले, आणि आनंद यांचे पुत्र आदर्श शिंदे यांचा आवाज 'दुनियादारी' (२०१३) सारख्या चित्रपटांमुळे महाविद्यालयीन तरुणांच्या ओठी आला. आरंभीच्या प्रसंगातील मुलगी हाच आवाज आवडीने ऐकते. नातवाकडून ती मुलाकडे, मुलाकडून आजोबांकडे जाते. तेथून भीमगीतांकडे आणि शाहीर वामनदादा कर्डक यांच्या रचनांकडे वळते. मग ती सरळ विचारते, "बाबा, हे गायक आपल्याच जिल्ह्यातले, मग ही गाणी आपल्या घरात कधीच कशी लागली नाहीत?" या प्रश्नाला 'आमच्या वेळी ती मिळत नसत' हे उत्तर पुरे पडत नाही. ती गल्लीच्या टोकाला दरवर्षी १४ एप्रिलला वाजत होती. वडिलांनी तेवढ्यापुरती खिडकी लावून घेतली होती.

जी गोष्ट जातीची, तीच भाषेची. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येणारे शहर. मागावर बसणाऱ्या पद्मशाली समाजाने पिढ्यानपिढ्या येथे तेलुगू भाषा जपली. तरीही त्यांच्या शेजारी जन्म काढलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी तेलुगू गाणे कधी कान देऊन ऐकले नाही. 'आर.आर.आर.' या तेलुगू चित्रपटातील गीताला २०२३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा मराठी मुले ते नाचून दाखवीत होती आणि पालक त्याचा अर्थ शेजाऱ्यांना विचारीत होते. ग्रामदैवत सिद्धेश्वरांचेच पाहा. बाराव्या शतकातील या शिवयोग्याची वचने कन्नडात आहेत. गड्ड्याच्या यात्रेला न चुकता जाणाऱ्या किती मराठी घरांत ती कधी ऐकली गेली असतील? मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकाने वचने गाऊन ठेवली आहेत. ती आज ऐकावयाची, तर एखाद्या मुलाने मोबाइलवर शोधून लावण्याचा अवकाश आहे.

मुलांकडून येणारे सारेच सोने असते, असा याचा अर्थ नव्हे. त्यात उथळ, कर्कश आणि क्वचित अश्लीलही पुष्कळ असते. मिरवणुकीत छातीत धडधड उठविणाऱ्या भिंतींना संगीत म्हणावे की नाही, हा वाद रास्त आहे. शिवाय ही निवड मुलांची तरी कोठे आहे, ती मोबाइलमधील यंत्रणा करते, असा आक्षेप जाणती माणसे घेतात. तो काही अंशी खरा आहे. ऐकणाऱ्याने काल जे ऐकले, त्याच जातकुळीचे आज पुढे करणे हा त्या यंत्रणेचा धर्म आहे. ती माणसाला त्याच्याच आवडीच्या खोलीत फिरवीत राहते. घरातील मुलाची शिफारस येथेच वेगळी ठरते. बाबांना सनईचा सूर आवडतो, आई काम करताना ओव्या गुणगुणते, हे त्याला ठाऊक असते. आणि तरीही त्यांनी न मागितलेले काही तो आपल्या भरवशावर त्यांच्यापुढे ठेवतो. नाकारले गेल्यास त्याला वाईट वाटते. यंत्राला तसे वाईट वाटत नाही.

म्हणून 'बंद कर ते' हे तीन शब्द उच्चारण्यापूर्वी पालकांनी क्षणभर थांबणे श्रेयस्कर. तीन-चार मिनिटांच्या गाण्यास नकार देण्यास लागणारे श्रम ते ऐकण्याच्या श्रमांहून कमी असतात, हे मान्य. पण त्या नकाराने मुलाच्या मनातील दारही लागते आणि पुढल्या वेळी ते कानात यंत्र घालून एकटेच ऐकू लागते. अर्थात हा व्यवहार एकतर्फी राहू नये. मुलाचे एक गाणे ऐकल्यावर वडिलांनी आपले एक ऐकवावे. वाटव्यांचे भावगीत असो वा भीमसेनांचा अभंग, ते का आवडते हेही सांगावे. आपले ऐकले गेले हा अनुभव असलेले मूल दुसऱ्याचे ऐकावयास सहसा नाही म्हणत नाही.

आरंभीच्या मुलीचा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे. त्याचे समर्थन करण्याच्या फंदात वडिलांनी पडू नये. "लागली नाहीत, ही चूक झाली, आता लाव," एवढे त्यांनी म्हटले तरी पुरे. वडिलांच्या पिढीने लावून घेतलेली खिडकी मुलांच्या हातून उघडत असेल, तर तिच्याशी चार मिनिटे उभे राहण्यात कोणाचाही मान कमी होत नाही.